किडनी बदलल्यानंतर तोंडात आलेली बुरशी : माझा अनुभव

ट्रान्सप्लांटचा दुसरा महिना. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू : टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन (स्टिरॉइड). जिभेवर आणि गालाच्या आतून नासलेल्या दुधाच्या गुठळ्यांसारखे पांढरे डाग दिसले. ओल्या गॉजने पुसले तर निघत होते, खाली लालभडक कातडी आणि रक्ताचा एखादा ठिपका. असं पुसून निघतं ती बहुधा कँडिडाची बुरशी. न निघणारा डाग किंवा दोन आठवड्यांत न भरणारी तोंडातली जखम मात्र दाखवायलाच हवं.

मेडिकलवाल्याने फ्लुकोनाझोल ही बुरशीवरची गोळी पुढे केली. ती न घेता आधी ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला फोन केला, आणि हेच सगळ्यांत महत्त्वाचं. टॅक्रोलिमसचं विघटन करणारं यकृतातलं एन्झाइम ही गोळी अडवते. मग टॅक्रोलिमसची रक्तातली लेव्हल चढते, हात थरथरतात, क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारा रक्तातला आकडा) वाढतं. क्लोट्रिमाझोल या बुरशीवरच्याच औषधाच्या चघळायच्या गोळ्यांनीही लेव्हल चढू शकते.

सुरुवातीला निस्टॅटिन हे बुरशीवरचं पातळ औषध मिळालं : 5 मिली, दिवसातून 4 वेळा, जेवणानंतर. बाटली हलवायची, निम्मं एका गालात, निम्मं दुसऱ्या गालात, जमेल तितका वेळ घोळवायचं आणि गिळायचं. पुढे अर्धा तास पाणीसुद्धा नाही. क्लोरहेक्झिडिनचा माउथवॉश त्याला लागूनच घेतला तर निस्टॅटिन निकामी होतं, दोन्हींत किमान अर्ध्या तासाचं अंतर लागतं. डाग गेल्यावरही 2 दिवस औषध चालू ठेवायचं. कवळी असेल तर रात्री काढून तिचीही स्वच्छता करायची, नाहीतर बुरशी तिथूनच परत येते.

माझे डाग कमी झाले, पण घास गिळताना छातीत दुखायला लागलं. म्हणजे बुरशी अन्ननलिकेत उतरल्याची शंका, तिथे नुसतं घोळवून भागत नाही. आता फ्लुकोनाझोल आली, 14 दिवस, पण डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी टॅक्रोलिमसचा डोस उतरवून. लेव्हलसाठी रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं, रात्रीच्या डोसनंतर 12 तासांनी. गोळी सोबत न्यायची आणि रक्त दिल्यावर तिथेच घ्यायची. सवयीने घरून घेऊन निघालात तर आकडा खोटा चढा येतो.

या काळात दाढ दुखली तरी आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक नको, किडनीवर येतं. स्टिरॉइडमुळे ताप दबतो, म्हणून ताप नसताना हिरडी सुजली तरी थांबू नये.

फ्लुकोनाझोल संपल्यावर लेव्हल हळूहळू खाली येते. तेव्हा टॅक्रोलिमसचा डोस पुन्हा वाढवला नाही तर रिजेक्शनचा, म्हणजे शरीराने किडनी नाकारण्याचा धोका. माझी लेव्हल त्या आठवड्यात दोनदा झाली आणि दुसऱ्या रिपोर्टनंतर जुना डोस परत सुरू झाला.