बाळाची गोधडी: कडेचे फेरे झाले, मधला चौक बाकी

गोधडीचे कडेचे फेरे काल रात्री संपले. आता मधला चौक तेवढा उरलाय. लेकीला डॉक्टरांनी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातली तारीख दिलीय, पण पहिलटकरणीचं काही सांगता येत नाही असं सासूबाई रोज बजावतात. म्हणून नाताळाच्या आत गोधडी हातावेगळी करायचीच.

तुमच्यापैकी काहींनी गोधडीची मापं विचारली होती, ती सांगते. 36 इंच बाय 36 इंच. वर आणि खाली सासूबाईंचं जुनं सुती लुगडं, मध्ये मामंजींच्या धोतराचा एकच पदर. मोठ्यांच्या वाकळेला आपण चार-पाच थर सहज घालतो, इथे तीनच. तान्ह्याची गोधडी रोज धुवावी लागणार आणि थंडीत ती संध्याकाळच्या आत वाळली पाहिजे. जाड गोधडी वरून कोरडी लागते, पण आत ओल धरून ठेवते. लुगड्याचा काठ मी उसवून काढला. हिरवागार, फार देखणा आहे, पण वीण दाट आणि कडक. बाळाच्या गालाला घासेल. तो जपून ठेवलाय, कुंचीला, म्हणजे बाळाच्या मागे झोळ असलेल्या टोपड्याला, बाहेरून लावीन.

दोरा पांढरा सुती, दुहेरी. टाका आपला धावदोराच, कडेकडून आत येत जाणारा. दोन ओळींत एका बोटाचं अंतर ठेवलंय. मोठ्या गोधडीला दोन बोटं चालतात, पण हे कापड वापरून वापरून विरलेलं आहे. ओळी जवळ असल्या की धुताना ताण सगळीकडे वाटला जातो, कापड एकाच जागी फाटत नाही. गाठी सगळ्या थरांच्या आत ओढून घेतल्यात. कुणी आरसे आणि मणी लावायला सुचवलं होतं. तान्ह्याच्या गोधडीला ते मुळीच नकोत. सुटलेला मणी थेट तोंडात जातो.

शिवायला वेळ कधी मिळतो, हे निफाड तालुक्यातल्या बायकांना सांगायला नको. आमच्या द्राक्षबागेची छाटणी ऑक्टोबरच्या मध्याला झाली, त्यामुळे विरळणी याच दिवसांत आली. दिवसभर मांडवाखाली मान वर करून घडातले मणी कात्रीने काढायचे आणि संध्याकाळी मान खाली घालून टाके घालायचे. बोटं दुखतात, पण गोधडी हातात घेतली की बरं वाटतं. त्यात उन्हाळ कांद्याची लागण नुकतीच झालीय आणि या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची आहे. हे वाफ्यांना पाणी देतात, मी मोटारीच्या खोलीत दिव्याखाली शिवत बसते. कडेचे निम्मे फेरे तिथेच झाले. फोन मांडीजवळ असतो, कारण घरी लेकीजवळ सासूबाई एकट्याच.

थंडी यंदा लवकर पडली. पारा फार उतरला की मण्यांची फुगवण थांबते, म्हणून पहाटे ठिबक सुरू करतो; विहिरीचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा कोमट असतं. बागेत शेकोट्याही पेटवतो. मला मात्र बागेइतकीच बाळाच्या खोलीची काळजी लागलीय. उत्तरेची खिडकी बंद करून घेतली, दाराला जाड पडदा लावला. गावातल्या आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताई येऊन सगळं बघून गेल्या. त्यांनी सांगितलं, गोधडी बाळाच्या खाली घाला, तोंडाशी सैल कापड येऊ देऊ नका, आणि खरी ऊब आईच्या उराशीच. त्यांनीच रुग्णवाहिकेचा 102 नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवायला लावला. पिंपळगावच्या रस्त्यावर कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली की अर्धा-अर्धा तास जातो, म्हणून मळ्यातून जाणारा दुसरा रस्ताही ह्यांनी दिवसा एकदा गाडी घालून बघून ठेवलाय.

लेक ओट्यावर उन्हात बसून लंगोट शिवते. परवा तिने गोधडी मागून घेतली आणि एक ओळ स्वतः घातली. मध्येच थांबली, पोटावर हात ठेवून हसली, पुन्हा सुई उचलली. तिचे टाके माझ्यापेक्षा लांब आहेत, ओळ जराशी तिरपी गेलीय. ती मी उसवणार नाही. सासूबाईंचं लुगडं, मामंजींचं धोतर, माझे टाके आणि तिची ओळ, हे सगळं त्या बाळाच्या पाठीखाली असणार, याचा मला फार आनंद आहे.

मधला चौक झाला की गोधडी कोमट पाण्यात रिठ्याने धुवून लागोपाठ दोन-तीन दिवस कडक उन्हात घालणार. मग कुंची. तिच्या मापांचा कागद माझ्याकडे होता, तो जीर्ण होऊन गेला. कपाळापासून मानेपर्यंत तान्ह्याला किती इंच धरायचं आणि मागचा झोळ किती लांब ठेवायचा, हे कुणी अलीकडे शिवलं असेल तर जरूर सांगा. डिंक आणि अळीव आणून ठेवलेत, पण लाडू आत्ताच वळायचे नाहीत असं सासूबाईंनी ठरवलंय.