जोडा क्र. ४ : खिडकीतली पट्टी लाल पडली

डर्बीचे, म्हणजे नाडीच्या बुटाचे, वरचे भाग कापून झाले, पण फरम्यावर (पायाच्या आकाराच्या साच्यावर) अजून चढवलेले नाहीत. मधले तीन आठवडे चामड्यातच गेले.

या जोड्याला मी एकच अट घातली आहे. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात इंग्लंडमधल्या नॉर्दॅम्प्टनच्या कारागिराला मिळायचं तसंच चामडं वापरायचं. म्हणजे मद्रासचा 'किप', लहान चणीच्या गुरांचं कातडं. मद्रास इलाख्यात ते तरवडाच्या सालीत कमावून अर्धतयार स्थितीत लंडनच्या लिलावाला जायचं. तिकडचे लोक त्यातलं टॅनिन, म्हणजे सालीतलं कातडं कमावणारं द्रव्य, काही प्रमाणात धुऊन काढत, पुन्हा कमावत आणि मग तेल-चरबी मुरवून बुटाजोगं करत. पहिल्या महायुद्धात लष्करी बुटांसाठी या किपची एवढी गरज पडली की सरकारने खरेदीच हातात घेतली. पुढे १९१९ मध्ये कच्च्या कातड्यांवर १५ टक्के निर्यात कर बसला. माल साम्राज्यातच कमावला जाणार असेल तर त्यातला दोन तृतीयांश परत मिळे. युद्धाआधी कलकत्त्याचं कच्चं कातडं मोठ्या प्रमाणात जर्मनीला जायचं, ती वाट अडवायचा हा प्रयत्न होता. १९२३ मध्ये कर ५ टक्क्यांवर आला.

आता माझा प्रयोग. तरवडात कमावलेल्या शेळीच्या दोन पट्ट्या घेतल्या. एक तशीच ठेवली, दुसरी हिरड्याच्या कोमट पाण्यात रात्रभर बुडवली. वाळवून दोन्ही दक्षिणेच्या खिडकीत चिमट्याने टांगल्या. नवव्या दिवशी पहिली विटकरी लाल झाली होती. चिमटा काढला तर त्याच्याखाली बोटभर जागा मूळची फिकट पिवळी, कडा अगदी रेघ मारल्यासारखी! हिरड्याची पट्टी मात्र जवळजवळ होती तशीच. मद्रासचे लोक शेवटी हिरड्याचा हात का देत, ते मला त्या रेघेकडे बघून पटलं. कितीही वाचलं असतं तरी इतकं पटलं नसतं.

आणि हा हिरडा आपल्या सह्याद्रीतला! मुंबई बंदरातून तो युरोपात जायचा, आणि तिकडच्या बाजारात त्याच्या एका प्रतीला चक्क वेंगुर्ल्याचं नाव होतं. हे वाचलं त्या दिवशी मी आईला फोन करून सांगितलं. तिला हिरडा फक्त खोकल्यासाठी माहीत.

एक गुंता मात्र राहिलाय. त्याच काळात मद्रासचे कमावणारे दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतातून आणलेली वॅटलची (बाभळीच्या जातीच्या एका झाडाची) सालही वापरू लागले होते. तिच्यात टॅनिन तरवडाहून बरंच जास्त. मग १९३०च्या सुमाराचा जोडा म्हणायचा तर साल कुठली धरायची? मला वाटतं, वॅटलच. तिचंही चामडं उन्हात लाल पडतं, म्हणून हिरडा तिथेही लागेलच. तिसरी पट्टी कालच खिडकीत लावली आहे.

रविवारी डावा पाय फरम्यावर घेतो. टाचेकडचं चामडं जाड राहिलंय, आधी रापीने तासावं लागेल.