आमची वाटचाल: भोपळे, झेंडू आणि एक संध्याकाळ

न्यू जर्सीत हॅलोविनच्या पार्ट्यांची टेबलं सजवायला आम्ही सुरुवात केली तेव्हा सेंटरपीस, म्हणजे टेबलाच्या मधली सजावट, म्हणजे कोरलेला भोपळा, एवढंच गणित होतं. डोळे, नाक, दात आणि आत मेणबत्ती. हा धंदा कल्पनेपेक्षा भोपळा कुजण्याच्या वेगावर चालतो, हे पहिल्याच हंगामात लक्षात आलं. उबदार घरात कोरलेला भोपळा तीन-चार दिवसांत मऊ पडतो, दातांची टोकं आत वळतात, वर बुरशी धरते आणि तळाला सुटलेल्या पाण्याचा डाग टेबलक्लॉथवर उमटतो.

आधी कोरण्याची रीत बदलली. देठाकडून झाकण कापायचं सोडून तळाकडून गोल कापू लागलो. त्यामुळे देठ शाबूत राहतो आणि भोपळा दिव्यावर टोपीसारखा ठेवता येतो. आतली भिंत इंचभर जाडीची राहील इतका गर खरवडायचा. तंतू राहिले तर बुरशीला आयतं खाद्य. मग चार लिटर पाण्यात मोठा चमचाभर ब्लीच घालून त्यात काही तास बुडवायचा आणि पूर्ण कोरडा करायचा. कापलेल्या कडांना व्हॅसलिनचं बोट फिरवायचं, म्हणजे त्या लवकर सुकून आक्रसत नाहीत. मात्र व्हॅसलिन पेट घेतं, म्हणून आत एलईडी दिवाच. तसंही मेणबत्तीनं वरचा गर भाजतो आणि जेवणाच्या टेबलावर करपलेल्या भाजीचा वास सुटतो.

हल्ली चेहरे कमी, भोकं जास्त. पोखरलेल्या भोपळ्याला ड्रिलनं 6 आणि 10 मिलिमीटरची भोकं पाडली की प्रकाशाचे ठिपके टेबलभर पसरतात. दोन भोकांत निदान एका भोकाइतकी जागा सोडावी लागते, नाहीतर मधली साल तडकते. पार्टीच्या आदल्या दिवशी पाडली की पुरे.

फुलांचा भोपळा हे वेगळं प्रकरण. ओला फोम (फुलांच्या काड्या खोचायचा, पाणी शोषणारा ठोकळा) थेट भोपळ्यात ठेवू नये: भोपळा लवकर सडतो आणि ते पाणी फुलांनाही मारतं. आत प्लॅस्टिकचा डबा हवाच. फोम पाण्यावर ठेवून आपोआप बुडू द्यायचा. हातानं दाबला की मध्ये हवा अडकते, बाहेरून ओला दिसतो आणि आतल्या काड्या कोरड्याच राहतात. सहा-सात इंची भोपळ्यात गडद लाल शेवंतीच्या सात-आठ काड्या आणि थोडा पाला पुरतो. डेलियाचा देठ पोकळ, तो फोममध्ये मान टाकतो. त्याला पाण्याची बरणी आणि तोंडाशी जाळीची तार.

उंचीवर आम्ही वाद घालत नाही. बसलेल्या माणसाला समोरचा दिसला पाहिजे, म्हणून एक फुटाच्या आत, नाहीतर बारीक दांड्यावर दोन फुटांच्या वर. मधली उंची कामाची नाही. साठ इंची गोल टेबलावर घेर वीस इंचांपर्यंत ठेवावा. त्यापुढे ताटं आणि वाट्या फुलांत घुसतात.

कँडी कॉर्नची, म्हणजे हॅलोविनच्या रंगीत साखरी गोळ्यांची, बरणी मुलांच्या टेबलांसाठी अजून मागितली जाते. सहा इंच व्यासाच्या काचेच्या नळकांड्यात चार इंची बरणी ठेवायची आणि भोवतीच्या इंचभर फटीत गोळ्या भरायच्या. फुलं आणि पाणी आतल्या बरणीत. पाणी आधी, गोळ्या नंतर! उलट केलं आणि चार थेंब सांडले तर गोळ्यांचा पाक होतो.

ड्राय आइसचा, म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडचा, धूर मात्र आम्ही बंद केला. उणे 78 अंशांच्या तुकड्यांवर कोमट पाणी पडलं की पाच-दहा मिनिटं दृश्य झकास, पण पाणी गार झालं की धूर मरतो. शिवाय इथल्या निम्म्या पार्ट्या बेसमेंटमध्ये. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, तो खालीच साचतो, आणि मुलंही खालीच खेळत असतात.

2024मध्ये दिवाळी आणि हॅलोविन 31 ऑक्टोबरला एकत्र आले आणि मराठी घरांतून एक नवीच मागणी आली. कवट्या-वटवाघळं पूजेजवळ कोणालाच नको होती, म्हणून भुतं अंगणात आणि भोपळे आत. नारिंगी भोपळ्यावर नारिंगी झेंडू हरवतो. त्यापेक्षा पांढरा भोपळा, भोवती झेंडूची माळ आणि खाली जांभळं कापड. झेंडू मूळचा मेक्सिकोचा, तिथंही 1-2 नोव्हेंबरला मृतांच्या स्मरणात तोच वाहतात, त्यामुळे तो या टेबलावर उपरा वाटत नाही. पण इथं ऑक्टोबरच्या उत्तरार्धात दहिवर गोठलं की बागेतला झेंडू एका रात्रीत काळा पडतो. फुलं थंडीआधी खुडून फ्रिजमध्ये ठेवतो किंवा घाऊक बाजारात आगाऊ सांगून ठेवतो. आणि पणत्या असतील त्या टेबलावर कोळ्याचं ताणलेलं जाळं अजिबात नाही; ते पॉलिएस्टर असतं.

आवराआवरीच्या वेळी न कापलेले, न रंगवलेले छोटे शुगर पंपकिन, म्हणजे खायचे गोड भोपळे, यजमान ठेवून घेतात. त्यांचे घारगे चांगले होतात. कोरायच्या मोठ्या भोपळ्याचा गर पाणचट आणि तंतुमय, त्याच्या वाटेला जाऊ नये.