जुने कपडे कुठे आणून देऊ?

पावसाळ्यात उल्हास नदी चढल्याची बातमी आली की ठाण्यातल्या ओळखीच्यांचे फोन सुरू होतात. "दोन पिशव्या कपडे आहेत, चांगले आहेत हो, कुठे आणून देऊ?" आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते, कुठेच नको. कपडे घरीच राहू द्या, जमलं तर पूर ओसरल्यावर बदलापूरला आमच्याबरोबर घरं साफ करायला तुम्ही या.

२७ जुलै २०१९ आठवत असेल. बदलापूर-वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती, आत हजारावर प्रवासी. एनडीआरएफच्या बोटी, नौदल, हेलिकॉप्टर, सगळे कॅमेरे तिकडे. प्रवासी त्याच दिवशी सुखरूप बाहेर निघाले. त्याच नदीचं पाणी बदलापूर पश्चिमेला हेंद्रेपाड्यासारख्या काठच्या वस्तीत शिरलं होतं. तिथल्या माणसांना सोडवून कुठे नेणार? त्यांचं घरच ते.

पाणी ओसरलं की सुरुवातीला खिचडी, बिस्किटं, बाटल्या इतक्या येतात की खाणाऱ्यांपेक्षा वाटणारे जास्त. नड असते ती चिखल काढणाऱ्यांची. तो ओला असतानाच काढावा लागतो, वाळला की फरशीला सिमेंटसारखा धरतो. फावडं, घमेलं, खराटा, वायपर, पायात गमबूट. मेन स्विच बंद आहे ना, ते आधी बघायचं. पायाला जखम असलेल्याने उतरायचंच नाही, आणि लेप्टोच्या, म्हणजे पुराच्या घाण पाण्यातून होणाऱ्या तापाच्या, गोळीचं डॉक्टरांना पाण्यात उतरल्यापासून बहात्तर तासांच्या आत विचारायचं. कुणाची गाडी बुडाली असेल तर किल्ली फिरवू द्यायची नाही. इंजिन जातं आणि वर विमेवाले हात झटकतात.

पण फावड्याच्या आधी मोबाइल. भिंतीवर पाण्याची रेघ कुठवर आली, फ्रिज, गाद्या, तांदळाचे डबे, सगळ्याचे फोटो. उत्साही मुलं तासाभरात घर लख्ख करून देतात आणि तलाठी पंचनाम्याला येतात तेव्हा दाखवायला काही उरलेलं नसतं. भाडेकरूंचे तर आणखी हाल. घर मालकाच्या नावावर, मालक राहतो दुसरीकडे, यांचं रेशनकार्ड गावचं, पासबुकाचा लगदा झालेला. राहणाऱ्याचं नाव पंचनाम्यात यावं म्हणून भाडेकरार, विजेचं बिल, शेजाऱ्यांचा जबाब, हाती लागेल ते जमवावं लागतं. मग अर्ज लिहा, झेरॉक्स काढा, पुन्हा कार्यालयात जा. हे काम कंटाळवाणं आहे. त्यात सेल्फी येत नाही, त्यामुळे माणसंही येत नाहीत. दुसऱ्या आठवड्यात तर शोधावी लागतात.

नव्या मुलांना मी दारातच एक सांगते: विचारल्याशिवाय काही फेकायचं नाही. आपल्याला घाण दिसते, तिथल्या मावशींना त्यातलं पातेलं दिसतं. "ठेव रे ते, घासलं की होईल." गादी जाते, गोधडी मात्र धुऊन वाळवता येते. फोटोंचा अल्बम चिकटला असेल तर ओढून सोडवायचा नाही. स्वच्छ गार पाण्यात ठेवून हळूहळू एकेक फोटो सुटतो. घरातल्या बाईने बोट दाखवायचं, आपण उचलायचं. वेळ लागतो. लागू दे, घर त्यांचं आहे.

कपड्यांचं म्हणाल तर शाळेच्या व्हरांड्यात ढीग लागतो, त्याच्यावर पाऊस पडतो, आणि चिखल सोडून आमचीच माणसं तो ढीग हलवत बसतात. हुक तुटलेले ब्लाउज, एका पायाची चप्पल, एकदा तर जरीची शेरवानी! ज्यांचं सगळं वाहून गेलं त्यांनी आपल्या नकोशातून निवडत बसावं, हे मला पटत नाही. द्यायचंच असेल तर नवं द्या: टॉवेल, चादरी, आतले कपडे, सॅनिटरी पॅड, मुलांना वह्या.

आणि सगळ्यात टंचाई असते वायरमनची. भिजलेलं वायरिंग त्याने तपासल्याशिवाय घरात दिवा लावता येत नाही. पंखा, मिक्सर, पाण्याची मोटर यातलं बरंचसं उघडून, सुकवून पुन्हा चालू होतं, फक्त करणारा हवा. तुमच्या सोसायटीत जो येतो त्याला विचारून बघा. त्याची दिवसाची मजुरी तुम्ही द्या आणि त्याला घेऊन बदलापूर लोकल पकडा. दोघांचे डबे बरोबर आणा, तिथे कुणाच्या घरी आम्ही जेवायला बसत नाही.