तुम्ही विचारलंत म्हणून: टुरिस्टांमुळे पैसा येतो ना, मग लोक चिडतात का?

पर्यटनाचा भूगोल शिकवते म्हटल्यावर हा प्रश्न येतोच, आणि २०२४ च्या जुलैमध्ये बार्सिलोनात पर्यटनाविरोधी मोर्चातल्या लोकांनी बाहेर खात बसलेल्या टुरिस्टांवर पाण्याच्या पिचकाऱ्या उडवल्या तेव्हापासून तर जरा जास्तच येतो. विचारणाऱ्याचा सूर असा असतो की दारात आलेल्या लक्ष्मीला कोणी हाकलतं का. लक्ष्मी येते हो, पण ती ज्याच्या दारात जाते तो माणूस आणि ज्याच्या खिडकीखालून रात्री दोन वाजता चाकांच्या बॅगा खडखडत जातात तो माणूस, हे दोघं बहुतेक वेळा वेगळे असतात.

बार्सिलोनाचीच ११६ नंबरची बस घ्या. छोटीशी बस, चढावरच्या वस्तीतल्या लोकांसाठी. पण ती पार्क ग्वेल ह्या प्रसिद्ध बागेजवळून जाते, त्यामुळे गूगल मॅप्स टुरिस्टांना तीच सुचवायचं आणि तिथल्या म्हाताऱ्या माणसांना बसमध्ये पाय ठेवायला जागा मिळेना. शेवटी २०२४ मध्ये तो रूटच मॅपवरून काढून टाकला गेला! ह्यात व्हिलन कोणीच नाही बघा, टुरिस्टाने रीतसर तिकीट काढलंय, ड्रायव्हरने बस वेळेवर आणलीये, तरी आजी स्टॉपवर उभीच.

देशाच्या आकडेवारीत पर्यटन छानच दिसतं, पण माणूस काही अख्खा देश बघायला जात नाही, ठरलेल्या चार गल्ल्या आणि एक व्ह्यू पॉइंट बघायला जातो. १९५० साली जगभरात मिळून परदेशी पर्यटक साधारण अडीच कोटी होते, २०१९ ला जवळपास १४६ कोटी, आणि गल्ल्या होत्या तेवढ्याच रुंद. ऑस्ट्रियातलं हालस्टाट हे तळ्याकाठचं गाव, वस्ती हजाराच्या आत, सीझनला एका दिवसात १० हजारांपर्यंत माणसं येतात. २०२३ ला सेल्फीच्या जागेसमोर त्यांनी चक्क लाकडी कुंपण घातलं, मग सोशल मीडियावर आरडाओरडा झाला आणि ते काढलं.

गर्दी एकवेळ सहन होते, संध्याकाळी बस भरून निघून जाते. घर गेलं की परत येत नाही. व्हेनिसच्या जुन्या शहरात १९५१ मध्ये पावणेदोन लाखांच्या आसपास लोक राहायचे, २०२२ मध्ये तो आकडा ५० हजारांच्या खाली गेला. रियाल्टो पुलाजवळच्या एका फार्मसीच्या काचेत २००८ पासून एक डिजिटल बोर्ड लावलाय, त्यावर शहरात आता किती रहिवासी उरले तो आकडा दिसतो, म्हणजे औषध घ्यायला आलेल्या माणसाला आपण किती उरलेल्यांपैकी आहोत ते कळावं. (लोकांची घरं टुरिस्टांना थोड्या दिवसांसाठी भाड्याने मिळवून देणारी एअरबीएनबी वेबसाइटसुद्धा २००८ चीच.) आता सगळं खापर टुरिस्टांवर फोडणं बरोबर नाही, १९६६ चा मोठा पूर होता, बेटांसमोरच्या मुख्य जमिनीवर, मेस्त्रेला, स्वस्त घरं आणि नोकऱ्या होत्या, लोक आधीपासून निघालेच होते. पण फ्लॅट रिकामा झाला की मालक हिशोब करतो, भाडेकरू महिन्याला जे देतो ते टुरिस्ट थोड्या रात्रींत देऊन जातो आणि वर पंखा बंद पडला म्हणून फोनही करत नाही, मग भाडेकरू कोण ठेवेल? भाडेकरू कमी झाले की किराणावाल्याला गिऱ्हाईक नाही, तिथे मुखवट्यांचं दुकान येतं, मग जे उरलेत त्यांना साधं दूध आणायलासुद्धा लांब जावं लागतं म्हणून तेही निघतात. कोणी कोणाला हाकललं नाही, तरी गल्ली रिकामी.

आणि आलेला पैसा? क्रूझवरून उतरणाऱ्याचं जेवण बोटीवर, झोप बोटीवर, शहरात तो फिरणार काही तास आणि घेणार एखादा फ्रिज मॅग्नेट. बेटावरच्या ऑल-इन्क्लुसिव्ह (राहणं-खाणं सगळं एकाच पैशात) रिसॉर्टचं बुकिंग परदेशातल्या कंपनीकडे होतं, बेटावर येतात ते पगार, ते पण सीझनपुरते. तरी पर्यटन सोडवत नाही, कारण टुरिस्टला लागतो समुद्र, डोंगर, शांतता, आणि ते असतं तिथे बऱ्याचदा दुसरा धंदाच नसतो. फिलिपिन्सचं बोराकाय बेट सांडपाण्याने इतकं नासलं की सरकारने २०१८ मध्ये सहा महिने पर्यटकांना बंदच केलं, पाणी सुधारलं खरं, पण तेवढे दिवस बोटवाल्यांची, हॉटेलातल्या कामगारांची कमाई गेली ती गेलीच. डॉक्सी नावाच्या अभ्यासकाने १९७५ मध्ये स्थानिकांच्या मूडच्या चार पायऱ्या मांडल्या, आधी आनंद, मग दुर्लक्ष, मग वैताग, मग उघड विरोध. मला ते जरा अपुरं वाटतं, कारण एकाच घरात गाईड असलेला मुलगा पहिल्या पायरीवर असतो आणि घरभाडं वाढलेली त्याची बहीण चौथ्या.

मग फी लावा, असं लगेच कोणीतरी सुचवतंच, आणि पर्यटकांकडून रोजची फी घेणाऱ्या भूतानचं नाव निघतं. भूतानने २०२२ मध्ये ती रात्रीला २०० डॉलर केली आणि वर्षभरात निम्म्यावर आणली, कारण हॉटेलं भरेनात. व्हेनिसने २०२४ मध्ये ठरावीक दिवशी एका दिवसापुरत्या येणाऱ्यांना ५ युरो लावले, पैसे जमले, गर्दी काही हटली नाही. आणि जो रात्री मुक्काम करतो त्याला ही फी माफ, कारण तो वेगळा टॅक्स भरतो. म्हणजे गल्लीतला फ्लॅट ज्याच्यासाठी रिकामा ठेवला जातो तो ह्या फीच्या बाहेरच. बार्सिलोनाने निदान बोट बरोबर जागी ठेवलंय, १० हजारांवर टुरिस्ट फ्लॅट्सची लायसन्सं २०२८ नंतर रिन्यू करणार नाही म्हणतात, मालक अर्थातच भडकलेत, आणि ती घरं खरंच भाडेकरूंना मिळतात का हे २०२८ नंतरच दिसेल.