आपोआप लागणारं घड्याळ आणि अकरा रात्री

कस्टमर केअरने तिसऱ्यांदा तेच सांगितलं: घड्याळ खिडकीजवळ ठेवा आणि रात्रभर थांबा. कुठल्या दिशेची खिडकी, घड्याळाचं तोंड कुठे, शेजारी काय नको, याबद्दल एक अक्षर नाही. हे पहिल्याच दिवशी कळलं असतं तर माझ्या अकरा रात्री वाचल्या असत्या. इथे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर अजून कोणाच्या घरी असं रेडिओ सिग्नलवरून आपोआप वेळ लावणारं घड्याळ अडून बसलं असेल, त्यांच्यासाठी लिहिते आहे.

फेब्रुवारीत बाबा साताऱ्याहून आमच्याकडे न्यू जर्सीत, एडिसनला आले. फोनमध्ये वेळ बघणं त्यांना आवडत नाही, म्हणून ठसठशीत आकड्यांचं भिंतीवरचं घड्याळ घेतलं, आपोआप लागणारं. दुकानात त्याला ॲटॉमिक क्लॉक म्हणतात, पण आत असतं साधं क्वार्ट्झ आणि एक छोटा रेडिओ. अणुघड्याळं तिकडे कोलोरॅडोत, फोर्ट कॉलिन्सजवळच्या डब्ल्यूडब्ल्यूव्हीबी केंद्रात. ते केंद्र 1963 पासून 60 किलोहर्ट्झवर चालू आहे आणि 1965 पासून त्यावर वेळेचा संकेत पाठवतं आहे. सेल घातला, ईस्टर्न टाइम निवडला, स्वयंपाकघरात लावलं. पहिल्या रात्री काही झालं नाही, तेव्हा मी बटण दाबून वेळ हाताने लावली आणि विषय सोडून दिला. ती चूक मार्चमध्ये भोवली.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी इथे घड्याळं एक तास पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे येतात. मार्चमध्ये आमचं गेलं नाही. सोमवारी बाबा नातवाला घेऊन घड्याळाप्रमाणे वेळेवर निघाले आणि बस केव्हाच निघून गेली होती. बाबांना फार लागलं ते. दिवसभर ‘माझ्यामुळे पोराची शाळा बुडाली’ एवढंच म्हणत होते. त्या रात्रीपासून मी हट्टाला पेटले.

या कामात सगळ्यात छळते ती वाट पाहणं. दिवसा बटण दाबून उपयोग होत नाही. इतक्या लांबचा सिग्नल रात्री चांगला येतो, कारण दिवसा वातावरणाच्या वरच्या भागात तो शोषून घेणारा जो थर असतो, तो रात्री विरतो. म्हणजे एक बदल करायचा, झोपायचं, सकाळी काटे बघायचे आणि पुन्हा दुसऱ्या रात्रीची वाट बघायची. पहिल्या चार रात्री घड्याळ बेडरूमच्या खिडकीत ठेवलं. काही नाही. नवा अल्कलाइन सेल घातला. काही नाही. (रिचार्जचे सेल वापरू नका, त्यांचा व्होल्टेज कमी असतो.) घड्याळ बदलून आणलं, तेही तसंच, त्यात आणखी तीन रात्री गेल्या. मग केंद्राचा संदेश कसा येतो ते वाचलं. सेकंदाला एकच खूण, पूर्ण वेळ कळायला अख्खा एक मिनिट, आणि खात्रीसाठी घड्याळाला असे लागोपाठ काही मिनिटं स्वच्छ लागतात. मध्ये जरा खरखर आली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. खिडकीत घड्याळाला खेटून माझा लॅपटॉपचा चार्जर होता आणि वर एलईडीची माळ! दोन्ही काढलं. तरीही चार रात्री कोरड्या.

बाराव्या दिवशी बाबांनी विचारलं, “अगं, यात ट्रान्झिस्टरसारखी काळी कांडी असते का?” असते, फेराइट नावाच्या चुंबकीय पदार्थाची, तांब्याची तार गुंडाळलेली. तीच घड्याळाची अँटेना. बाबा म्हणाले, “मग फिरव की! पुणे केंद्र बारीक झालं की आम्ही रेडिओच वळवायचो. कांडीचं टोक केंद्राकडे गेलं की आवाज बसतो, कांडी केंद्राच्या दिशेला आडवी धरली की उघडतो.”

मी तिथेच पाठीमागचं झाकण काढलं. कांडी वरच्या कडेला, डावीकडून उजवीकडे होती. इथून फोर्ट कॉलिन्स सुमारे 2,600 किलोमीटर, पश्चिमेला, जरासं उत्तरेकडे. स्वयंपाकघरातली भिंत उत्तरेची, म्हणजे कांडीचं टोक बरोबर कोलोरॅडोकडे. बेडरूमच्या खिडकीतही घड्याळ मी भिंतीला टेकवून, उत्तरेला तोंड करूनच ठेवत होते. दोन्ही जागी सगळ्यात वाईट दिशा.

बाबा गावाहून येताना छोटा ट्रान्झिस्टर घेऊन आले होते. मीडियम वेव्हवर दोन केंद्रांच्या मधली रिकामी जागा लावून आम्ही तो घरभर फिरवला. टीव्हीमागे, राउटरच्या ॲडॅप्टरपाशी आणि फ्रिजजवळ नुसती भुणभुण. हॉलच्या पश्चिमेच्या भिंतीवर, खिडकीच्या बाजूला, सगळ्यात शांत. घड्याळ तिथे टांगलं, पाठ कोलोरॅडोकडे. पहाटे साडेपाचला बघते तर काटे फोनच्या सेकंदाला सेकंद जुळलेले. मी बाबांना झोपेतून उठवलं.

कोणाकडे पश्चिमेची भिंतच नसेल तर पूर्वेची चालते, कांडी तिथेही केंद्राच्या दिशेला तशीच आडवी बसते. पत्र्याचं आवरण असलेल्या किंवा सळयांच्या काँक्रीटच्या इमारतीत मात्र आत सिग्नल कमीच पोचतो. तिथे एक रात्र बाल्कनीत योग्य दिशेला ठेवून वेळ लागू द्या आणि मग हव्या त्या जागी टांगा. क्वार्ट्झ महिन्याला पंधराएक सेकंदच चुकतं, रोज सिग्नल मिळायलाच हवा असं नाही. फक्त मार्च आणि नोव्हेंबरच्या त्या दोन रविवारी त्याला पुन्हा बाल्कनीत न्यायचं विसरू नका. आणि हो, पूर्व किनाऱ्यावर इंग्लंडमधल्या अँथॉर्नचं केंद्रही त्याच 60 किलोहर्ट्झवर कानावर येऊन घोळ करू शकतं. तेव्हा एखादी रात्र वाया गेली तर लगेच घड्याळ परत करू नका, मी केलं तसं.

बाबा ऑगस्टमध्ये परत गेले. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मी सकाळी सहाला उठून हॉलमध्ये गेले. काटे एक तास मागे आले होते. साताऱ्यात तेव्हा दुपारचे साडेचार, बाबांच्या चहाची वेळ. लगेच व्हिडिओ कॉल लावला आणि आधी कॅमेरा भिंतीकडे वळवला.