माझा अनुभव: विशेष मुलांच्या स्पर्धेत खरं काम कॉल रूममध्ये असतं

विशेष मुलांच्या क्रीडा स्पर्धेला स्वयंसेवक म्हणून जाणाऱ्यांना मी एकच सांगते: ट्रॅकवरची ड्यूटी मागू नका, कॉल रूमची मागा, म्हणजे शर्यतीआधी मुलांना गोळा करून क्रमाने बसवतात ती जागा. नावनोंदणी, ओळखपत्र, टोपी, आदल्या दिवशीची बैठक, सगळं सुरळीत होतं. माझा राग आहे तो प्राथमिक आणि अंतिम फेरीच्या मधल्या ताटकळण्यावर.

आधी पद्धत समजून घ्या. स्पेशल ऑलिम्पिक्समध्ये, म्हणजे बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या स्पर्धांमध्ये, ८ वर्षांपुढचे खेळाडू उतरतात. वयोगट ८ ते ११, १२ ते १५, १६ ते २१, २२ ते २९ आणि ३० च्या वर. मुलं-मुली सहसा वेगळी. मग प्राथमिक फेरीच्या वेळा बघून ३ ते ८ जणांचे गट पाडतात. गटातला सगळ्यात वेगवान आणि सगळ्यात हळू यांच्यातला फरक साधारण १५ टक्क्यांच्या आत ठेवायचा; हा कडक नियम नाही, पण धरून चालायचा आधार आहे. म्हणजे ५० मीटरला पहिल्याला १२ सेकंद लागले, तर त्या गटातला शेवटचा १३.८ च्या आसपास हवा. असा गट पडला की पदक कोणालाही मिळू शकतं, आणि मुलं जीव तोडून पळतात. पहिल्या तिघांना पदकं, चौथ्यापासून आठव्यापर्यंत रिबन.

हे गट नीट पडले नाहीत तर स्पर्धेला अर्थच उरत नाही. आणि नेमकं इथेच अडतं. एक लॅपटॉप, एक माणूस, आणि समोर हाताने लिहिलेल्या वेळांचे कागद. कोणी ६५ सेकंद लिहिलेलं, कोणी १:०५, कोणी १.०५. एक्सेलमध्ये १:०५ टाकलं की तो एक वाजून पाच मिनिटं धरतो. आकडे मजकूर म्हणून गेले तर ९.८ हा १२.४ च्या खाली जातो, म्हणजे सगळ्यात जोरात पळणारा पोरगा सगळ्यात हळू मुलांच्या गटात. मग कोणाचे तरी सर येऊन भांडतात, ते बरोबरच असतात, आणि यादी पुन्हा पहिल्यापासून. तोवर मुलं मंडपात बसून.

या ताटकळण्याची किंमत मुलं मोजतात. फिट्सची दुपारची गोळी चुकते, कारण ती डब्यासोबत शाळेच्या बॅगेत आणि बॅग बसमध्ये. लाउडस्पीकरच्या आवाजाने एखादा कानावर हात दाबून डोलायला लागतो. मानकापूरचं क्रीडा संकुल असो की रेशीमबाग मैदान, नागपुरात डिसेंबरातही दुपारचं ऊन लागतं, आणि सकाळच्या गारठ्यात घातलेला स्वेटर कोणी काढून दिलेला नसतो. हे बघून मला फार चीड येते, कारण उपाय साधा आहे.

प्रत्येक वेळ फक्त सेकंदात लिहायची, एक दशांशापर्यंत: ६५.०. नावाआधी चेस्ट नंबर, कारण एकाच नावाची दोन-तीन मुलं हमखास असतात. एका लेनला दोन स्टॉपवॉच. कागद शर्यतीनंतर लगेच टेबलावर, गठ्ठा साठवून नाही. टेबलावर दोघं: एक वाचणारा, एक टाकणारा.

हळू गटात पडावं म्हणून प्राथमिक फेरीत मुलाला "हळू पळ" सांगणारे मार्गदर्शक दिसले तर तिथेच थांबवा. अंतिम फेरीतली वेळ प्राथमिकपेक्षा १५ टक्क्यांहून जास्त सुधारली तर मुलाला बाद करता येतं, आणि रडतं ते मूल.

कॉल रूममध्ये आठ खुर्च्या लेनच्या क्रमाने मांडा, खुर्चीवर लेनचा आकडा ठळक चिकटवा. चार मुलांमागे एक स्वयंसेवक. लघवीचं सगळ्यांना एकदम विचारू नका, सगळे "नाही" म्हणतात; एकेकाजवळ जाऊन विचारा. चेस्ट नंबरला चार पिना लावतात, पण काहींना छातीवरचं काही सहन होत नाही, ती ओढून काढतात. त्यांचा नंबर पाठीवर लावा आणि पंचांना आधी कळवा.

निघण्याचा शब्द सरांना विचारून घ्या. नागपुरातली काही मुलं "पळ" ला निघतात, काही "भाग" म्हटल्याशिवाय हलत नाहीत. ऐकू न येणाऱ्यासाठी झेंडा, आवाजाला घाबरणाऱ्यासाठी पिस्तूल नकोच. शेवटच्या रेषेवर उभं राहून हाका मारू नका. मूल तुमच्यापाशी येऊन थांबतं, रेषेच्या एक पाऊल अलीकडे. पाच मीटर पुढे उभे राहा. मिठी मारायची तर आधी विचारून.

नाश्त्याचं राहिलंच. तर्री-पोहे असतील तर तर्री वेगळी ठेवा, पळणाऱ्या मुलांना नुसते पोहे. संत्र्याच्या फोडी बिया काढूनच द्या, काहींना गिळायला त्रास असतो.

फिट आली तर कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी, आणि घड्याळ बघा. तोंडात चमचा नाही, चप्पल किंवा कांदा हुंगवणं नाही. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८. डाउन सिंड्रोमच्या मुलाला खेळात मान झटकून वाकवावी लागत असेल तर आधी वैद्यकीय फॉर्म बघा; मानेचे वरचे मणके सैल असू शकतात.

अंतिम यादीच्या तीन छापील प्रती काढा: कॉल रूम, सुरुवातीची रेषा, पदकांचं टेबल. वर छापल्याची वेळ लिहा. यादी बदलली की तिन्ही जुन्या प्रती स्वतः जाऊन गोळा करा, माणूस पाठवू नका.